उजवीकडचे तेवीस तुकडे

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, ज्या देशात मला साधी दंडाची पावती फाडायचाही अधिकार नव्हता, तिथे मी एका सरळमार्गी माणसाला हवालाचा दलाल ठरवलं आणि तसं दोन पानी निवेदन स्वतःच्या सहीने लिहून दिलं. ती घटना विसरून जायची माझी तयारी होती, घरच्यांची नाही. जेवणाच्या टेबलावर ती वर्षातून चारदा निघते आणि दर वेळी मी आधीपेक्षा थोडा जास्त मूर्ख ठरतो. तेव्हा म्हटलं, होता तेवढाच मूर्खपणा एकदा कागदावर आणावा. नावं कोणाचीच देत नाही.

मुलगी ॲन आर्बरला असते. विद्यापीठाचं गाव. बसमध्ये विद्यार्थी, बर्फातही सायकल चालवणारे प्राध्यापक, आणि थंडीत अंगावर इतके कपडे की माणूस ओळखायचा तो चालीवरून. त्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे होतो. मला काम काहीच नव्हतं. सकाळी फेरी मारायची आणि गल्लीत अनोळखी गाडी दिसली की नंबर डायरीत टिपायचा. चौथ्या दिवशी डायरी मुलीच्या हाती लागली.

“बाबा, हे काय आहे?”

“नोंद.”

“ही समोरच्या डॉक्टरांची गाडी आहे. तीन वेळा लिहिलीय. प्लीज, इथे असं नाही करत. कोणी बघितलं तर तुमच्यावरच पोलीस बोलावतील.”

डायरी बंद झाली. बिनकामाचा हवालदार बसल्या जागी काहीतरी भानगड करून ठेवतो, हे मी नोकरीत पाहिलं होतं. निरीक्षकाचंही तेच होतं, हे तिथे कळलं.

शेजारच्या घरात एक आजी राहत. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, मूलबाळ नाही. आईवडील फिनलंडहून आलेले; या स्वतः जन्मल्या-वाढल्या मिशिगनमध्येच, पार उत्तरेला, जिथे फिनलंडहून आलेल्यांची पुष्कळ घरं आहेत. वरच्या मजल्यावर त्यांचा भाडेकरू होता, आपला नागपूरचा. पस्तिशीचा, विद्यापीठात बॅटरीवर संशोधन करणारा. भाडं कमी घ्यायच्या, त्याबदल्यात तो बर्फ काढायचा, त्यांना दवाखान्यात न्यायचा, जड सामान उचलायचा. ते दोघे एकमेकांच्या आधाराने राहत होते, असं म्हटलं तरी चालेल.

एका रविवारी मुलीने त्याला पोह्यांना बोलावलं. त्याने हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यातून एक कागद घसरून माझ्या बशीशेजारी आला. मी उचलला. चलनी नोट होती. परदेशी, जुनी, भाषा अनोळखी. आणि बरोबर मधोमध कापलेली. फाटलेली नव्हे, कापलेली.

“हे कुठलं रे?”

“बेसमेंटमध्ये सापडलं, काका. आजींना द्यायचंय, रोज विसरतो.” आणि त्याने पोह्यांवर लिंबू पिळलं.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीतली सहा वर्षं मी आर्थिक गुन्ह्यांच्या तपासात काढली. हवालाच्या धंद्यात पैसे एका शहरात भरतात आणि दुसऱ्या शहरात घेतात; कागद नाही, पावती नाही. मग घेणारा माणूस खरा कशावरून? तर नोटेच्या तुकड्यावरून. अर्धा तुकडा देणाऱ्याकडे, अर्धा घेणाऱ्याकडे. दोन्ही जुळले की रक्कम हातात. असे तुकडे मी आरोपींच्या पाकिटातून, चपलेच्या तळातून, एकदा तर देवाच्या फोटोमागून जप्त केले होते. त्यामुळे अर्धी नोट दिसली की दुसऱ्यांना कुतूहल वाटत असेल, माझे कान गरम होतात. शिवाय ‘रोज विसरतो’ हे वाक्य मी इतक्या जबाबांत लिहून घेतलं होतं की ते ऐकलं की हात आपोआप पेनाकडे जातो.

खबर मिळाली होती. मी पाळत सुरू केली.

तो दर शनिवारी दुपारी खाकी लिफाफा घेऊन बसने कुठेतरी जायचा. पुढच्या शनिवारी मी माकडटोपी घालून त्याच बसमध्ये मागच्या बाजूला बसलो. तो उतरला, मी उतरलो, आणि फुटपाथवरच्या बर्फावर माझे दोन्ही पाय एकदम वर गेले. साध्या वेशात पाळत ठेवताना आवाज करू नये, असं मी शिकाऊ फौजदारांना शिकवायचो. माझा आवाज चौकापर्यंत गेला असावा. तोच धावत परत आला.

“काका, तुम्ही इकडे कुठे?”

“फिरायला.”

“बसने?”

त्याने मला उठवलं, धरून धरून एका घरी नेलं. तिथे महाराष्ट्रातले पाचसहा जण दर शनिवारी जमून बुद्धवंदना घेत. लिफाफ्यात वंदनेच्या पानांच्या झेरॉक्स निघाल्या. त्यांनी माझ्या गुडघ्याला बर्फ लावला, आल्याचा चहा दिला, गाडीने घरी सोडलं. आणि मी? माझ्या मनातल्या नोंदवहीत ‘साथीदार : पाच ते सहा’ अशी ओळ लिहिली. आज हे लिहिताना सुद्धा लाज वाटते.

मंगळवारी आजींचा पुतण्या आला. म्हणजे त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या भावाचा मुलगा, पन्नाशीचा, डेट्रॉइटकडे राहणारा. माणूस वाईट नव्हता. काकू एकटी आहे, जिन्यावरून पडली तर काय, या काळजीने पोखरलेला होता. आजींना वृद्धांसाठीच्या इमारतीत हलवायचं आणि घर विकायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्याच आवराआवरीत बेसमेंटमधून एक गंजका कॉफीचा डबा निघाला. आजींच्या वडिलांचा. वडील त्या चौदा वर्षांच्या असताना खाणीतल्या अपघातात वारले, आणि आईने डबा जपून ठेवला, पण कधी उघडला नाही. घरात त्याला ‘बाबांचे पैसे’ म्हणत. आता उघडला, तर आत अर्ध्या नोटांचा गठ्ठा. एकही अख्खी नाही.

आजी रडल्या नाहीत, पण डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. भारतातले पोलीस शेजारी आहेत, हे त्यांना आठवलं आणि मला बोलावणं आलं. “इन्स्पेक्टर,” त्या म्हणाल्या, “माझ्या वडिलांचे पैसे कोणी कापले?”

तीन वर्षांत मला कोणी इन्स्पेक्टर म्हटलं नव्हतं. छाती फुगली, आणि तोंड उघडलं. असाच एक तुकडा मी वरच्या भाडेकरूकडे पाहिला आहे, असं मी म्हणालो. हवाला म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. पुतण्याने विचारलं, लिहून द्याल का? मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत दोन पानं लिहून दिली. इंग्रजीत, आपल्या खात्याच्या इंग्रजीत. सदर इसम, सदर तुकडा, सदर दिवशी, विश्वसनीय माहितीवरून असे निष्पन्न होते की.

डबा मात्र मी उघडूनही पाहिला नव्हता. लांबून बघितला होता.

गुरुवारी पुतण्याने भाडेकरूला सांगितलं : रविवारपर्यंत खोली सोड, सोमवारी मी हे निवेदन घेऊन पोलिसांकडे जातोय, आणि एक प्रत विद्यापीठालाही पाठवणार. शुक्रवारी दुपारी भाडेकरू आमच्या दारात उभा. मुलगी कामावर, बायको देवपूजेत. त्याला मी स्वयंपाकघरात बसवलं.

जबाब घेण्याची माझी पद्धत साधी होती. माणसाला चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. शांतता बहुतेकांना सोसत नाही. ती भरायला ते बोलू लागतात आणि बोलण्यात सापडतात. मी चहा दिला. गप्प बसलो. त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि परत येऊन समोर बसला. तोही गप्प. बॅटरीवाल्या लोकांना तासन्‌तास काटा हलण्याची वाट बघायची सवय असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाच मिनिटांनी मीच बोललो.

“काही सांगायचंय का तुला?”

“रिपोर्ट वाचला मी, काका. आजींच्या पुतण्याने फोटो काढून मला फॉरवर्ड केला.”

“कुठला रिपोर्ट?”

“‘द सेड इंडिव्हिज्युअल’ वाला. या गल्लीत असं इंग्रजी लिहिणारे तुम्ही एकटेच आहात.”

आता मी चहाचा घोट घेतला. कप रिकामा होता.

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“कारण तुम्ही मला काही विचारलंच नाही. सरळ लिहिलं. म्हटलं, आता तरी विचारा.”

मी विचारलं. गेल्या महिन्यात बेसमेंटमध्ये पाइप गळत होता. फळीवरचं सामान त्याने उचलून कोरड्या जागी ठेवलं. डब्याचं झाकण सैल होतं. नंतर फरशी पुसताना तो तुकडा मिळाला. कुठून पडला, कळलं नाही. देऊ म्हणून पुस्तकात ठेवला.

“तीन आठवडे दिला नाहीस.”

“विसरलो. त्यांच्या घराची किल्ली पण दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. ती चोरली असं पण लिहायचं ना.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझी ग्रीन कार्डची फाइल आत आहे, काका. पोलिसात नाव गेलं की खरं काय, खोटं काय, ते नंतर. आधी फाइल अडकते. आणि मी गेलो की आजींना आठवड्यात त्या बिल्डिंगमध्ये नेतील. त्या मला काल म्हणाल्या, मी तुला जा म्हणत नाहीये, पण माझं कोणी ऐकत नाहीये.”

मी पुन्हा चहा टाकायला उठलो. या वेळी पद्धत म्हणून नाही.

“तुम्ही पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारलंत. मग गाव, मग वडील काय करतात. मला वाटलं काका आपुलकीने विचारताहेत. आता वाटतं, फाइल तेव्हाच उघडली होती.”

खोटं का लिहू? आडनाव ऐकल्यावर माझ्या डोक्यात एक खण उघडला होता. कितीतरी वर्षं ठाण्यात तो असाच उघडत आला असणार आणि मी त्याला अनुभव म्हणत आलो असणार.

जाताना तो दारात थांबला. “आणखी एक. चोर असेल तर अख्खी नोट नेईल ना? अर्धी कापून अर्धी परत का ठेवेल? आणि तुमचं ते टोकन असेल, तर दुसरे तुकडे कुठेतरी असतील. डब्यातले तुम्ही नीट बघितले का?”

मुद्देमाल न पाहता दोषारोप. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला महिनाभर बंदोबस्ताला उन्हात उभा केला असता.

शनिवारी सकाळी मी आजींच्या घरी गेलो आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर रीतसर पंचनामा मांडला. पंच क्रमांक एक, माझी बायको. पंच क्रमांक दोन, स्वतः आजी. भाडेकरूनेही आपला तुकडा आणून ठेवला. पुतण्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावत कडेला उभा होता. मी एकेक तुकडा उचलून वहीत वर्णन लिहू लागलो : लांबी, रंग, घडी. नवव्या तुकड्याला बायको कंटाळली.

“अहो, मोजपट्टी ठेवा. सगळ्या उजव्या बाजूच्याच आहेत.”

“काय?”

“उजवी बाजू. सगळ्यांची. ब्लाउजचे पुढचे भाग कापून ठेवावेत तशा. डावा एकही नाही.” तिने एक तुकडा उजेडाला धरला. “आणि ही साधी कात्री नाही. कापडाची आहे, लांब पात्याची. एका दमात चालवलीय.”

तिने आयुष्यभर आळीतल्या बायकांचं शिवणकाम केलं. तिच्याकडून मी कधी तज्ज्ञाचं मत मागितलं नव्हतं.

मग माझंही डोकं ताळ्यावर आलं. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात टाचणीचं भोक होतं, भोवती गंजाचा डाग. तेवीसही तुकड्यांवर एकाच जागी. म्हणजे कापून झाल्यावर कोणीतरी ते एकत्र टाचले होते, आणि टाचणी गंजून मोडून पडायला कित्येक वर्षं गेली होती. भाडेकरूकडचा जो तुकडा होता, त्यावरही तोच डाग. हा गठ्ठा डब्यात गेला तेव्हा भाडेकरूचे वडीलही शाळेत गेले नसतील.

“कापले तुमच्या वडिलांच्या काळातच,” मी आजींना म्हणालो. “कोणी, ते मला माहीत नाही.”

आजींनी उठून फोन घेतला आणि उत्तरेकडे राहणाऱ्या मावसबहिणीला लावला. ही बाई नव्वदीची. फिनलंडमध्ये जन्मलेली, मोठेपणी इकडे आलेली. फोन स्पीकरवर होता. आजींनी सगळं सांगितलं. तिकडून पहिला आवाज आला तो हसण्याचा.

“कोणी कापले म्हणून काय विचारतेस? सरकारने.”

“सरकारने?”

“युद्ध संपलं होतं. नोटा उदंड, दुकानात माल नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी रेडिओवर सांगितलं, उद्यापासून मोठ्या नोटा कापा. पाचशे, हजार, पाच हजार. डावा अर्धा घेऊन दुकानात जा, त्याची किंमत निम्मी. उजवा अर्धा बँकेत भरा, ते सरकारला कर्ज. तीन वर्षांनी परत देऊ म्हणाले.”

“आणि तुम्ही कापल्या?” हे मी विचारलं. राहवलं नाही.

“हा कोण?”

“शेजारी,” आजी म्हणाल्या. “सांग पुढे.”

“मी दहा वर्षांची होते. आईने आधी हात धुतले. मग कापडाची कात्री घेतली. मी कडा धरून बसले होते आणि ती म्हणाली, हलू नकोस, वाकडं कापलं तर दुकानदार घेणार नाही. वडील बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना बघवेना.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कात्रीचं ती आधीच सांगून चुकली होती.

“मग माझ्या बाबांचे उजवे तुकडे बँकेत का गेले नाहीत?”

“तो लाकडाच्या कामावर होता, आत जंगलात. तिथेच कापल्या, डावे तुकडे कामावरच्या दुकानात खर्च झाले. उजवे घेऊन तो बर्फातून खाली आला तेव्हा मुदत उलटून गेली होती. कारकून म्हणाला, आता नाही. तुझा बाप काही बोलला नाही. टाचणी लावून खिशात ठेवले आणि घरी आला. माझी आई म्हणाली, चुलीत टाक. तो म्हणाला, कशाला? माझं देशाकडे येणं आहे, लोक देशाला देणं लागतात. मी एकटाच उलटा.” ती पुन्हा हसली. “पुढे अमेरिकेला निघाला तेव्हा त्याने ट्रंकेत काय घेतलं ठाऊक आहे? दोन शर्ट, एक करवत आणि तो कॉफीचा डबा.”

आजी इतका वेळ कोरड्या होत्या. आता डोळे पुसू लागल्या, आणि हसतही होत्या. “मला वाटायचं बाबांना विनोद कळत नाही,” त्या म्हणाल्या. “ते घरात बोलतच नसत.”

“त्याला फक्त इंग्रजीत विनोद कळत नव्हता,” मावसबहीण म्हणाली.

पुतण्याने चिकटपट्टीचं रीळ खाली ठेवलं. खुर्ची ओढून बसला. खिशातून फोन काढून त्याने पोलिसांसाठी तयार केलेली तक्रार उघडली, सगळ्यांसमोर पुसून टाकली आणि भाडेकरूला म्हणाला, “माझी चूक झाली. मला घाई झाली होती.” मग माझी दोन पानं माझ्यापुढे ठेवली. “याचं काय करू?”

मी वहीचं कोरं पान घेतलं आणि लिहून दिलं : माझे आधीचे निवेदन मुद्देमाल न पाहता, पूर्वग्रहातून लिहिलेले असून ते संपूर्ण चुकीचे आहे. सही, तारीख. सगळ्या नोकरीत वरिष्ठांच्या मेमोला उत्तरं पुष्कळ दिली, पण ‘चुकीचे’ हा शब्द स्वतःबद्दल कधी लिहिला नव्हता. विशेषणं न लावता तो लिहायला बरीच मेहनत पडते. भाडेकरूने पान वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

“माफ केलंस का?” मी विचारलं.

“ते बघू, काका. पण हे पान मी ठेवतो. लागलं तर.”

बरोबर होतं त्याचं. माफी ही काही पोच नव्हे, की सही केली आणि लगेच हातात मिळाली.

पुढचे पंधरा दिवस मी गावच्या ग्रंथालयात बसून त्या चलनाची हिस्ट्रीशीट काढली. नाव मार्का, एका जुन्या वजनावरून पडलेलं. जन्म १८६०, तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता. एका रूबलला चार मार्का असा भाव. स्वतःचं राज्य नाही, पण स्वतःची नोट आहे, असे ते लोक जवळजवळ साठ वर्षं राहिले. स्वातंत्र्य मिळालं १९१७ ला. १९४६ ला अर्ध्यावर कापला. सरकारने कर्ज पुढे फेडलं खरं, पण मधल्या महागाईत त्याचं वजन बरंच घटलं होतं. १९६३ ला मागची दोन शून्यं उडवली, जुने शंभर म्हणजे नवा एक. २००२ ला युरो आला आणि मार्का संपला. त्यानंतरही दहा वर्षं तिथली मध्यवर्ती बँक शेवटच्या नोटा बदलून देत होती. २०१२ ला तीही खिडकी बंद झाली. इतक्या वेळा घाव सोसूनही लोकांनी एकमेकांच्या हातातली नोट खरी मानली, म्हणून देश चालला. मला तरी त्या सगळ्यातून एवढंच कळलं. एरवी मी असं कौतुक आरोपीचं करत नाही.

आणि खरी चपराक पुढेच आहे. नोटाबंदीच्या दिवसांत मी स्वतः बँकेच्या रांगांवर बंदोबस्ताला होतो. एका संध्याकाळी रेडिओ-टीव्हीवर सांगतात आणि सकाळी खिशातला कागद नुसता कागद होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. लोकांना रांगेत सरळ करायला माझीच काठी होती. तरी अर्धी नोट पाहिल्यावर, हे एखाद्या सरकारचं काम असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. मनात आला तो वरच्या मजल्यावरचा माणूस. सरकारवर संशय घ्यायला वाचावं लागतं, माणसं शोधावी लागतात, लांबच्या कोणा म्हातारीला फोन लावावा लागतो. माणसावर संशय घ्यायला नुसतं आडनाव पुरतं. तपासात सगळ्यात सोपी वाट समोर आली की थांबावं आणि आधी मुद्देमाल उघडून बघावा, हे मी शिकवत आलो होतो. शिकलो मात्र त्या हिवाळ्यात, गुडघा सुजवून.

आजींनी इमारतीची भेट कॅन्सल केली आणि भाडेकरूबरोबर आणखी दोन वर्षांचा करार केला. पुतण्याने जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून दिला. भाडेकरूची फाइल पुढे सरकली. कार्ड हातात आलेलं नाही, पण मुलाखतीचं बोलावणं आलं. तो मला अजून काका म्हणतो. आम्ही तिथे होतो तोवर शनिवारच्या चहालाही बोलावायचा, मी जायचो, आणि बसमध्ये त्याच्या शेजारी बसायचो.

आम्ही परत निघायच्या आधी आजींनी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. तेवीस तुकड्यांपैकी एक त्यांनी काचेत बसवून भिंतीवर लावला होता. मावसबहिणीला दाखवायचा म्हणून फोन लावला, मग आठवलं की तिच्या फोनवर चित्र दिसत नाही, तेव्हा आजींनी तोंडीच वर्णन करून सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “त्या मुलावर आळ घेतला तो कोण होता, ते तू मला सांगितलंच नाहीस.”

भाडेकरू कॉफी ढवळत राहिला. मीच पुढे सरकलो आणि म्हणालो, “मी, मॅडम. शेजारी. भारतात पोलीस होतो.”

“किती वर्षं?”

“तेहतीस.”

मला वाटलं फोन कट झाला.

“पूर्ण पगारावर?”